पंच कुठून आणायचे?

मी तालुक्याच्या दिवाणी कोर्टात ३१ वर्षं बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे कोण, हे ज्यांच्या दारात तो कधी उभा राहिला नाही त्यांना सांगावं लागतं. साहेब खुर्चीत बसून निकाल देतात, एक वकील पेढे वाटतो, दुसरा नकलेचा अर्ज टाकतो, आणि तो निकाल ज्याच्या विरुद्ध गेला त्याच्या उंबऱ्यापर्यंत नेऊन पोचवायचं काम बेलिफाकडे येतं. समन्स, नोटीस, जप्तीचं वॉरंट, ताब्याचं वॉरंट. माझ्या खांद्याला एक पिशवी असे. तिच्यात अंगठे घ्यायला शाईचं पॅड असे. माणूस घरात असूनही ‘गावाला गेलेत’ असं उत्तर आलं, तर कागद दाराला चिकटवायला डिंकाची बाटली असे. कोर्टाची सगळी ताकद तेवढ्या पिशवीत मावायची.

लोकांना वाटतं, कोर्टाच्या मागे पोलीस असतात. असतात, पण ते मागवावे लागतात. आधी बंदोबस्ताचा अर्ज, मग त्याची फी, मग ठाण्यातून उत्तर: ‘सध्या सणाचा बंदोबस्त आहे, पुढची तारीख घ्या.’ माझ्या बहुतेक कामांत पोलीस नव्हतेच. असायचे ते दोन पंच, म्हणजे गावातली कोणतीही दोन माणसं. त्यांनी घडेल ते बघायचं आणि पंचनाम्याखाली सही करायची. निवृत्तीनंतर वाचनालयात बसून जगातल्या मोठमोठ्या कोर्टांबद्दल वाचायला लागलो, तेव्हा लक्षात आलं की त्यांचंही घोडं शेवटी या दोन सह्यांपाशीच अडतं.

१९९४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातली एक वाडी. दोन भाऊ. धाकटा मुंबईत गिरणीत होता, गिरणी बंद पडल्यावर परत आला आणि वडिलार्जित घरात वाटा मागू लागला. दावा नऊ वर्षं चालला. हुकूमनामा धाकट्याच्या बाजूने झाला: घराचे दोन खण आणि पुढची ओसरी. ताब्याचं वॉरंट घेऊन मी पोचलो, तेव्हा थोरल्याचे चार मुलगे अंगणात होते. एकजण लाकडं फोडत होता. मला बघून त्याने कुऱ्हाड खाली ठेवली नाही.

मी पंच शोधायला गावात शिरलो. एक निवृत्त गुरुजी तयार झाले. दुसरा मिळेना. शेवटी पिठाच्या गिरणीवाला हात झटकत बाहेर आला. सारं गाव जाणत होतं की तो थोरल्याचा जिवाभावाचा दोस्त. म्हणाला, “बेलिफसाहेब, मी त्याच्या बाजूचा आहे. निकाल मला पटलेला नाही. पण जे होईल ते मी बघीन आणि सही करीन.” आम्ही तिघे अंगणात आलो. गिरणीवाल्याला माझ्या शेजारी उभा बघून थोरल्याचा चेहरा उतरला. त्याने कागद हातात घेतला, उलटसुलट केला आणि विचारलं, “शिक्का खरा आहे ना?” म्हटलं, खरा आहे. “मग मी वरच्या कोर्टात जाईन,” एवढं बोलून तो आत गेला, भिंतीवरची वडिलांची तसबीर उतरवली आणि पोराला म्हणाला, “कुऱ्हाड ठेव.”

दुसरी गोष्ट चारेक वर्षांनंतरची. याच तालुक्यात एका वजनदार माणसाच्या गोदामावर जप्ती न्यायची होती. सहा खेपा घातल्या. दर खेपेला मी रस्त्यावर पंच मागायचो आणि दर खेपेला चहावाल्याला घाईचं काम निघायचं, सलूनचं शटर अर्ध्यावर यायचं. कुणी मला शिवी दिली नाही, अंगावर कुणी आलं नाही. शेवटी मी अहवाल लिहिला: ‘पंच मिळून आले नाहीत, सबब वॉरंट परत.’ त्या दिवशी आमच्या तालुक्यात कोर्ट होतं, साहेब होते, शिक्काही खरा होता, आणि त्या गोदामापुरता कायदा नव्हता.

आता आफ्रिकेत जाऊ. माझा भाचा मलावीतल्या ब्लँटायर शहरात एका कारखान्यात नोकरीला होता. ३ फेब्रुवारी २०२० ला त्याचा आवाजी निरोप आला: “मामा, आज आमच्याकडे सगळं बंद आहे. कोर्टाचा निकाल आहे.” मी विचारलं, कसला? तर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीचा. त्यांच्या आवाराचा पहारेकरी सकाळपासून कानाला रेडिओ लावून बसला होता आणि निकालाचं वाचन काही संपत नव्हतं. पाचशे पानांचं निकालपत्र, वाचायला दहा-एक तास लागले. ते वाचणारे पाच न्यायाधीश लष्कराच्या पहाऱ्यात, अंगात गोळीरोधक जाकिटं घालून राजधानी लिलाँग्वेच्या कोर्टात आले होते. बेलिफाच्या नोकरीत मी बरंच पाहिलं, पण न्यायाधीशाने जाकीट घालून खुर्चीवर बसणं मी ऐकलंही नव्हतं.

प्रकरण असं. मलावी १९६४ मध्ये स्वतंत्र झाला आणि तीस वर्षं हेस्टिंग्ज बांडा यांच्या एकछत्री अमलाखाली राहिला. बांडा नुसते अध्यक्ष नव्हते, तहहयात अध्यक्ष होते. त्या काळात ‘पारंपरिक न्यायालयं’ नावाची एक सोय होती. तिथे आरोपीला वकील देता येत नसे. ऑर्टन चिरवा हे त्या देशाचे पहिले बॅरिस्टर. त्यांना आणि त्यांची पत्नी व्हेरा यांना अशाच न्यायालयाने १९८३ मध्ये राजद्रोहासाठी फाशीची शिक्षा सुनावली. पुढे ती जन्मठेपेवर आली, पण ऑर्टन १९९२ मध्ये तुरुंगातच वारले. ज्या देशात लोकांना कोर्ट म्हटलं की हे आठवतं, तिथे १९९३ च्या सार्वमतानंतर बहुपक्षीय लोकशाही आली, १९९४ मध्ये निवडणूक झाली आणि नवं संविधान आलं. तिथे पंच मिळवायला कोर्टाने शून्यापासून सुरुवात केली.

२१ मे २०१९ च्या निवडणुकीत विद्यमान अध्यक्ष पीटर मुथारिका यांना ३८.५७ टक्के मतं जाहीर झाली, लाझारस चकवेरा यांना ३५.४१ आणि सौलोस चिलिमा यांना २०.२४. पहिल्या दोघांतला फरक सुमारे १ लाख ५९ हजार मतांचा. चकवेरा आणि चिलिमा कोर्टात गेले. तक्रारीच्या मध्यभागी एक पांढरी बाटली होती: टिपेक्स, म्हणजे आपला व्हाइटनर. मतमोजणीच्या तक्त्यांवर आकडे पांढरे करून वर नवे आकडे लिहिले होते.

हे वाचून मला आमचे जुने नाझर, म्हणजे कोर्टातले आम्हा बेलिफांचे वरिष्ठ, आठवले. खाडाखोडीच्या बाबतीत ते फार कडक. आकडा चुकला तर त्यावर एकच रेघ, खालचा आकडा दिसला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि बाजूला सही. व्हाइटनरची बाटली नाझर शाखेत दिसली तर ती उचलून खिडकीबाहेर फेकायचे. म्हणायचे, “चूक झाकायची नसते, चूक दाखवून दुरुस्त करायची असते.” मलावीच्या पाच न्यायाधीशांनी पाचशे पानांत आणखी पुष्कळ काही सांगितलं, पण त्याचा गाभा आमच्या नाझरांना पटला असता.

त्यांनी निवडणूक रद्द केली आणि दीडशे दिवसांत नवी घ्यायला सांगितली. वर असंही ठरवलं की ‘बहुमत’ याचा अर्थ निम्म्याहून जास्त मतं. बाकीच्यांपेक्षा चार जास्त पडली, एवढ्याने भागणार नाही. निवडणूक आयोगाच्या अध्यक्ष स्वतः सर्वोच्च अपील न्यायालयाच्या न्यायाधीश होत्या, तरी त्यांच्या आयोगाच्या कारभारावर ताशेरे ओढताना हात आखडला नाही. त्याआधी या पाचजणांना लाच देऊ करायचा प्रयत्न झाला होता. तो त्यांनी आपल्या मुख्य न्यायमूर्तींच्या कानावर घातला आणि तिथून तक्रार भ्रष्टाचारविरोधी विभागाकडे गेली. निकालाच्या पुढच्याच वर्षी एक बडा बँकवाला त्या प्रकरणी दोषी ठरला.

कायदा तर जगातल्या बहुतेक कोर्टांना ठाऊक असतो. मला कुतूहल आहे ते पंच कुठून आले याचं. भाच्याच्या सांगण्यावरून आणि नंतर वाचलेल्यावरून मला दोन ठिकाणं दिसतात. पहिलं, रस्ता. निकालाआधी कितीतरी महिने लोक मोर्चे काढत होते. दुसरं, आणि माझ्या मते मोठं, रेडिओ. ऑगस्ट ते डिसेंबर २०१९ या काळातली सुनावणी रेडिओवरून थेट ऐकवली गेली. मिनीबसमध्ये, मक्याच्या शेतात, बाजारात लोक उलटतपासणी ऐकत होते. कोणता साक्षीदार कुठे अडखळला, आयोगाच्या अधिकाऱ्याने टिपेक्सबद्दल काय उत्तर दिलं, हे आमच्याकडे क्रिकेटचा धावफलक सांगावा तसं भाच्याचा पहारेकरी त्याला सांगायचा. पहारेकऱ्याला इंग्रजी अर्धंमुर्धंच येई. पण त्याने पाहिलं होतं. पंचाचं काम तेच, आधी पाहायचं आणि मग सही करायची. निकाल आला तेव्हा मलावीत लाखो माणसांनी पंचनामा आधीच वाचलेला होता.

म्हणून जून २०२० मध्ये जे घडलं ते घडू शकलं. मे महिन्यात अपील न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी एकमताने निकाल कायम केला. फेरनिवडणूक अकरा दिवसांवर आली असताना सरकारने जाहीर केलं की मुख्य न्यायमूर्ती अँड्र्यू न्यिरेंडा यांची बरीच रजा शिल्लक आहे, ती त्यांनी निवृत्तीपूर्वी ताबडतोब घ्यावी. शिल्लक रजेचा हिशेब हे सरकारी नोकरीतलं जुनं हत्यार आहे. मला स्वतःला ते चांगलं माहीत आहे. पण या वेळी वकील कोट घालून रस्त्यावर आले, त्यांच्याबरोबर न्यायाधीशही चालले, आणि उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. २३ जूनला मतदान झालं, चकवेरा जवळपास ५९ टक्के मतांनी निवडून आले. मुथारिका हे कायद्याचे प्राध्यापक, अमेरिकेत वर्षानुवर्षं कायदा शिकवलेले. त्यांनी निकालावर टीका केली, सहन होणार नाही अशी भाषा केली, आणि खुर्ची सोडली.

आता याच्या उलट बाजू. रशियाचं संवैधानिक न्यायालय १९९१ मध्ये बसलं. अध्यक्ष होते वालेरी झोर्किन. नवा देश, नवं कोर्ट, आणि झोर्किनना घाई झालेली. मार्च १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष बोरिस येल्तसिन यांनी टीव्हीवरून विशेष राजवटीची घोषणा केली, तर झोर्किन त्याच रात्री टीव्हीवर येऊन ती घटनाबाह्य असल्याचं बोलून गेले. हुकुमाचा सही झालेला कागद तेव्हा कोर्टापुढे आलेलाही नव्हता. आमच्या भाषेत सांगायचं तर दावा दाखल होण्याआधीच साहेबांनी ओट्यावर येऊन निकाल सांगितला. सप्टेंबरमध्ये येल्तसिन यांनी संसद बरखास्त केली. कोर्टाने त्याच रात्री तो हुकूम घटनाबाह्य ठरवला, आणि कायद्याने पाहिलं तर तो होताच. पण तोवर लोकांच्या मनात कोर्ट म्हणजे भांडणातला एक पक्षकार झालं होतं. संसदेच्या इमारतीवर रणगाडे चालून गेले, ऑक्टोबरात येल्तसिन यांनी कोर्टाचं कामकाजच थांबवलं. कोर्टाच्या दारात मेणबत्ती घेऊन कुणी उभं राहिलं नाही. १९९५ मध्ये ते पुन्हा सुरू झालं, तेव्हा ते फार सांभाळून बोलणारं कोर्ट झालं होतं. झोर्किन २००३ मध्ये पुन्हा अध्यक्ष झाले. मार्च १९९३ मधल्यासारखे ते परत कधी टीव्हीवर आले नाहीत. पंच मिळून आले नाहीत, सबब वॉरंट परत.

केनियात तर याहून विचित्र झालं. १ सप्टेंबर २०१७ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षपदाची निवडणूक रद्द केली. आफ्रिकेत असं पहिल्यांदाच घडत होतं. साऱ्या जगाने पाठ थोपटली. फेरमतदान २६ ऑक्टोबरला होतं. ते रोखावं असा अर्ज आदल्या दिवशी सुनावणीला होता. त्याच्याही आदल्या दिवशी उपमुख्य न्यायमूर्तींच्या गाडीच्या चालकावर गोळ्या झाडल्या गेल्या. २५ ला सकाळी सातपैकी दोनच न्यायाधीश कोर्टात आले. गणसंख्या पाचाची. मुख्य न्यायमूर्तींनी तसं सांगितलं आणि कोर्ट उठलं. पंच न येणं मला सवयीचं होतं, इथे खुद्द साहेबच आले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी टाळ्या वाजवणारे पुष्कळ होते, पण टाळी वाजवायला जवळ उभं राहावं लागत नाही.

राज्यशास्त्रात डेव्हिड ईस्टन नावाचे एक अभ्यासक होऊन गेले. त्यांनी लोकांच्या पाठिंब्याचे दोन प्रकार सांगितले. एक, माझ्या मनासारखं झालं म्हणून त्या त्या वेळी दिलेला पाठिंबा. दुसरा, मनाविरुद्ध झालं तरी संस्था आपली आहे म्हणून टिकून राहणारा. ईस्टन आमच्या वाडीत आले असते तर मी त्यांना गिरणीवाला दाखवला असता. धाकट्याचे समर्थक त्या दिवशी अंगणात होतेच की! ते मोठमोठ्याने ‘कोर्टाने न्याय केला’ म्हणत होते. त्यांचा मला काडीचा उपयोग नव्हता. त्यांच्यातला एक पंच म्हणून उभा केला असता तर कुऱ्हाड खाली ठेवली गेली नसती. ती खाली ठेवली गेली, कारण हरणाऱ्याच्या बाजूचा माणूस सही करायला तयार झाला.

म्हणून माझं म्हणणं असं की कोर्टाने लोकप्रिय होऊ नये, पंच मिळवावेत. या दोन गोष्टी एकच वाटतात आणि त्यातच गफलत होते. दक्षिण आफ्रिकेचं संवैधानिक न्यायालय १९९५ मध्ये कामाला लागलं आणि पहिल्याच वर्षी त्याने फाशीची शिक्षा रद्द केली. लोकमत उघडउघड फाशीच्या बाजूने होतं. लोकांना काय हवं यावर हा प्रश्न सोडवता येणार नाही, असं अध्यक्ष आर्थर चास्कलसन यांनी निकालात स्पष्ट लिहिलं, आणि अकराच्या अकरा न्यायाधीशांनी आपापली कारणं दिली. पुढे या न्यायालयाची इमारत जोहान्सबर्गच्या जुन्या तुरुंगाच्या जागेवर उभी राहिली. गांधीजी आणि मंडेला दोघेही ज्या तुरुंगात होते, त्याच्या पाडलेल्या भागाच्या विटा तिच्या भिंतीत आहेत. आत येणाऱ्याला त्या दिसतात. २०२१ च्या जूनमध्ये याच न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्ष जेकब झुमा यांना अवमानाबद्दल १५ महिन्यांची कैद सुनावली. पोलिसांना अटकेसाठी दिलेली मुदत मध्यरात्री संपणार होती. त्याच्या जेमतेम काही मिनिटं आधी झुमा घरातून निघून स्वाधीन झाले. त्यानंतर दंगली उसळल्या, साडेतीनशेच्या वर माणसं मेली. निकालाची किंमत कधीकधी अशी भयंकर असते, हे मी लपवणार नाही. तरीही वॉरंट परत गेलं नाही.

लोकप्रियता पुरत नाही, हे हंगेरीने शिकवलं. १९९० च्या दशकात तिथल्या संवैधानिक न्यायालयाचा दरवाजा सताड उघडा होता: कोणीही नागरिक, स्वतःचं काही नुकसान झालेलं नसतानाही, एखादा कायदा घटनाबाह्य आहे असा अर्ज करू शकायचा. अर्जांचा ढीग पडायचा. १९९५ मध्ये सरकारच्या काटकसरीच्या कार्यक्रमातली कित्येक कलमं कोर्टाने उडवली तेव्हा लोक खूश झाले. २०१० मध्ये दोन तृतीयांश बहुमताचं सरकार आलं. त्याने अर्थविषयक कायदे तपासण्याचा कोर्टाचा अधिकार कापला, न्यायाधीशांची संख्या ११ वरून १५ केली, नव्या घटनेत तो उघडा दरवाजाही बंद केला. सगळं कायद्याच्या भाषेत, शिक्क्यासह. आपलं काम करून घ्यायला येणारे पुष्कळ होते. कोर्टाचं काम पडलं तेव्हा फारसे कुणी आले नाहीत. तिकडे पोलंडमध्ये जुलै २०१७ मध्ये हजारो माणसं रात्रीच्या रात्री वॉर्साच्या सर्वोच्च न्यायालयासमोर मेणबत्त्या घेऊन उभी राहिली आणि अध्यक्षांनी तीनपैकी दोन विधेयकं अडवली. पण काही महिन्यांतच ती थोड्याफार बदलाने पुन्हा आली आणि मंजूर झाली. पंचांची सही एकदा घेऊन भागत नाही.

पंचांनाही मर्यादा आहे, आणि ती पाकिस्तानात दिसली. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुशर्रफ यांनी सरन्यायाधीश इफ्तिखार चौधरी यांना बाजूला केलं, काळे कोट रस्त्यावर उतरले, आणि दोन वर्षांच्या लढ्यानंतर मार्च २००९ मध्ये चौधरी परत आले. एवढा विजय क्वचितच कुठल्या कोर्टाच्या वाट्याला आला असेल. मग गर्दीची सवय लागली. टीव्हीवर दिवसभर कोर्टाची बातमी, दर आठवड्याला नवा स्वाधिकार आदेश, आणि निवडून आलेले पंतप्रधान २०१२ मध्ये घरी. त्या निकालाची कायदेशीर बाजू वकील सांगतील. मी एवढंच सांगेन की ज्या बेलिफाला गावजेवणाला रोज बोलावतात, त्याने पंच निवडताना सावध असावं.

आपल्याकडे काय? आपणही एकेकाळी नवीच लोकशाही होतो. २५ एप्रिल १९७३ ला, केशवानंद भारती निकालाच्या दुसऱ्या दिवशी, तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला. वकिलांनी निषेध केला, बाकी देश आपल्या कामात होता. रेशनच्या रांगेतल्या माणसाला सर्वोच्च न्यायालय तेव्हा जमीनदारांचं आणि संस्थानिकांचं कोर्ट वाटत असे, आणि तसं वाटायला कारणंही होती. तीन वर्षांनी, आणीबाणीत, त्याच कोर्टाने सांगितलं की कोंडून ठेवलेल्या माणसाला दाद मागता येणार नाही. एकट्या हंसराज खन्नांनी विरुद्ध मत दिलं आणि त्यांचं सरन्यायाधीशपद गेलं. कोर्टाने पंच मिळवले ते त्यानंतर: बिहारच्या तुरुंगांत खटल्याविना सडणाऱ्या कैद्यांची दाद घेऊन, साध्या पत्राला अर्ज मानून. १९८५ मध्ये मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांच्या खटल्यात कोर्टाने सांगितलं की जगण्याच्या हक्कात पोट भरण्याचा हक्क येतो. झोपड्या काढायला परवानगीही दिली, फक्त पावसाळा संपेपर्यंत थांबायला सांगितलं. म्हणजे फुटपाथवरचा माणूस हरलाच. पण पहिल्यांदाच त्याचं म्हणणं निकालपत्रात कुणीतरी नीट लिहिलं होतं. माझ्या अनुभवात हरणारा माणूस सगळ्यात आधी हेच शोधतो: माझं म्हणणं लिहिलंय का?

आज माझ्या फोनवर रोज कोर्टाबद्दल निरोप येतात. निकाल आवडला की न्यायाधीश देवमाणूस, नावडला की विकला गेलेला. सकाळी हार घालणारा संध्याकाळी चपला घेऊन तयार. हे सगळे धाकट्याच्या अंगणातले लोक आहेत, यांच्यातून पंच निघणार नाहीत. आणि कोर्टांनीही हे ओळखायला हवं की पंच भाषणांनी आणि सत्कारांनी मिळत नाहीत. सुनावणी लोकांना दिसली आणि ऐकू आली पाहिजे. मलावीसारख्या गरीब देशाने ते साध्या रेडिओवर करून दाखवलं. निकालपत्र हरणाऱ्याला त्याच्या भाषेत वाचता आलं पाहिजे. आणि निकाल वेळेत आला पाहिजे, कारण नऊ वर्षांनी आलेल्या कागदावरचा शिक्का खरा असला तरी बघायला आलेल्यांपैकी निम्मे वारलेले असतात.

मलावीची गोष्ट तिथेच संपली नाही. चकवेरांची कारकीर्द फारशी चांगली गेली नाही. महागाई, इंधनाची टंचाई यांनी लोक कावले. सप्टेंबर २०२५ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि निवडून कोण आलं? मुथारिका. वय ८५. ज्यांची निवड कोर्टाने रद्द केली होती, तेच सुमारे ५७ टक्के मतं घेऊन परत आले, निम्म्याहून जास्त मतांचा तोच नियम पार करून. अधिकृत निकाल जाहीर व्हायच्या आधीच चकवेरांनी पराभव मान्य केला. भाचा आता मलावीत नाही. मी त्याला फोन करून सांगितलं, तर तो हसून म्हणाला, “तो पहारेकरी या खेपेला कुणाच्या बाजूचा होता, विचारायला पाहिजे.”

आमच्या वाडीतला थोरलाही वरच्या कोर्टात गेला होता. २००१ मध्ये जिल्हा न्यायालयाने निकाल थोडा फिरवला: दोन खण धाकट्याचेच, ओसरी थोरल्याची. वॉरंट पुन्हा माझ्याकडेच आलं. तीच पिशवी घेऊन मी गेलो. गुरुजी तोवर गेले होते. गिरणीवाला मात्र मला लांबून येताना बघूनच पिठाचे हात झटकून रस्त्यावर आला. ओसरीत धाकटा बसला होता. त्याने कागद घेतला, चष्मा लावला, शेवटचं पान उलटून विचारलं, “शिक्का खरा आहे ना?”